परकं नाक

पिंपातले डिझेल कॅनमध्ये घ्यायचे म्हणजे रबरी नळीचे एक टोक पिंपात सोडायचे, दुसरे तोंडात धरून जोराने ओढायचे आणि जिभेला चव लागण्याच्या आत ते कॅनच्या तोंडात घालायचे. गिरणीवाला हे काम इतकी वर्षे करत आला होता, की चव लागली काय अन् न लागली काय, त्याला सारखेच झाले होते. त्या संध्याकाळी त्याने नळी ओढली, कॅनमध्ये सोडली, आणि तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली. धान्याने भरलेली एक गाडी वळणापलीकडच्या चढावर मागे सरकत होती. तो धावला, चाकाला खांदा दिला, गाडी वर पोहोचेपर्यंत तिच्यामागे गेला. परतला तेव्हा अंगात त्राण नव्हते. हातपाय धुतले, चार घास खाल्ले आणि आडवा झाला. नळीची आठवण त्याला झाली नाही.

सकाळी बायकोने मधले दार उघडले आणि पहिल्याच पावलाला तिचा पाय घसरला. चौकट धरली म्हणून पडली नाही.

"अहो, उठा. इकडे या आधी."

घराची पुढची खोली म्हणजेच गिरणी. मागच्या दोन खोल्यांत ते दोघे राहत. इंजिन पलीकडच्या पडवीत होते. भिंतीतल्या भोकातून त्याचा पट्टा आत येऊन दगड फिरवी. पडवीला दार नव्हते, म्हणून चोरीच्या भीतीने डिझेलचे पिंप आत, दगडाशेजारी ठेवलेले असे. आता ते पिंप रिकामे उभे होते, कॅन काठोकाठ भरला होता आणि उरलेले सगळे जमिनीवर पसरले होते. चोपलेल्या मातीची ती जमीन ओल्या चामड्यासारखी काळी दिसत होती. खिडकीतून आलेल्या उन्हाचा तुकडा तिच्यावर निळा-जांभळा होऊन डोलत होता. गिरणीवाल्याला क्षणभर ते सुंदर वाटले, आणि मग स्वतःची लाज वाटली.

"चूल विझव," तो म्हणाला.

"ती केव्हाच विझवली. तुम्ही तिथे उभे राहून काय बघताय?"

सुगी नुकतीच संपली होती. घराघरात नवे धान्य आले होते आणि वर्षातली खरी रांग याच दिवसांत लागे. थोड्याच वेळात डबे येऊ लागतील या विचाराने त्याने घाई केली, आणि त्या घाईत त्याने नेमके करू नये ते केले. पडवीतून पाण्याच्या बादल्या आणून जमिनीवर ओतल्या आणि खराट्याने सगळे दाराकडे लोटू लागला. काही दाराबाहेर गेले. पण बरेचसे पाण्यावर तरंगत उलट्या अंगाला वळले आणि दगडाच्या ओट्याखाली शिरले.

"पाणी कशाला ओतलंत?" बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "तेल ते. पाण्यानं कधी जातं का? आता ओट्याखाली हात कसा घालणार?"

त्याने खराटा भिंतीला टेकवला.

मग तिने पदर खोचला. गिरणीत कोंड्याला तोटा नव्हता. तिने पोतीच्या पोती जमिनीवर पालथी केली, पायाने पसरली आणि दाबली. कोंडा हळूहळू तपकिरी, मग काळा झाला. तो भरून बाहेर नेला, की नवा घालायचा. कोंडा संपला तेव्हा चुलीतली राख, आणि राख संपली तेव्हा सुताराकडून मागून आणलेला भुसा. सुताराने भुशाचे पोते डोक्यावर देताना विचारले, "काय रे, गिरणीत आता लाकूड दळणार की काय?" गिरणीवाला हसला. वाटेत डबे घेऊन येणाऱ्या बायकांना तो सांगत होता, आज बंद आहे, उद्याही बंद असेल.

वरचे तेल निघाले, पण जमिनीत मुरलेले कसे निघणार? दुपारी त्याने टिकाव आणला. त्याच्या हाताने, त्याच्या बापाच्या हाताने वर्षानुवर्षे चोपलेली ती जमीन दगडासारखी घट्ट होती. पहिले घाव उसळून परत आले. मग एक खपली निघाली, आणि खालची माती वरच्यापेक्षाही काळी होती. तो खणत राहिला, बायको घमेली भरत राहिली. ओट्याखाली टिकाव पोहोचेना, तेव्हा तो पोटावर झोपून पहारीच्या टोकाने माती उकरू लागला. मान आखडली, कोपरे सोलली. डोळ्यांतून पाणी येत होते, पण ते वासाने की थकव्याने, हे त्याला सांगता आले नसते. वास त्याला जाणवत होता तो असा, लांबून कुणी ओळखीचे बोलत असावे आणि शब्द कळू नयेत तसा.

मातीचे करायचे काय, हा वेगळाच घोर होता. पहिले घमेले घेऊन तो मागच्या बांधाकडे निघाला तेव्हा अंगणातल्या नव्या भिंतीवर धाकट्या भावाचे डोके दिसले.

"दादा, ते विहिरीच्या वरच्या अंगाला टाकू नकोस."

"नाही टाकत."

"पाणी दोघांचं आहे, म्हणून सांगितलं."

"कळलं मला."

एवढेच बोलणे झाले. वाटणीत जमीन धाकट्याकडे आणि गिरणी थोरल्याकडे आली, विहीर सामाईक राहिली, तेव्हापासून भाऊ एकमेकांशी पाण्यापुरतेच बोलत. ती माती आणि कोंडा, राख, भुसा असे सारे त्याने रस्त्यापलीकडच्या खडकाळ उतारावर नेले, जिथे काही उगवत नव्हते आणि कुणाची गुरे जात नव्हती. तिथे खड्डा खणला, पुरला, वर दगड रचले. शेवटचे ढेकूळ संपेपर्यंत त्याच्या खेपा चालू होत्या.

खोलीत गुडघाभर खड्डा पडला. त्यात त्याने चुना टाकला, नवा मुरूम भरला, पाणी शिंपडले आणि दोघांनी आळीपाळीने धुम्मस घेऊन तो चोपला. बायकोचा हात त्याच्यापेक्षा सरळ पडत होता. ती एका लयीत चोपत असे. तो मध्येच थांबून, हाताने जमीन चाचपून बघत असे. दारे-खिडक्या उघड्या ठेवून त्यांनी जमीन सुकू दिली. भिंतींना चुना दिला. दगड उघडून कोरडे धान्य आतून फिरवले आणि ते फेकून दिले.

"येतो का वास?" त्याने विचारले.

बायकोने दीर्घ श्वास घेतला. "मला नाही येत. तुम्हाला?"

"मला पण नाही."

गिरणी सुरू झाली. पहिल्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी शिंपीण आपला डबा तसाच परत घेऊन आली, झाकण उघडून त्याच्या नाकाखाली धरला.

"हे बघा. मळताना काही कळलं नाही. तव्यावर टाकलं आणि घरभर मोटारगाडी सुरू झाली. पोरं जेवली नाहीत."

त्याने पीठ हातात घेतले. अंगठा आणि तर्जनी यांच्यात घासून पाहिले. दळण बारीक होते, एकसारखे होते. असे दळण आसपास कुणी देत नव्हते. त्याने हुंगले. पिठाला पिठाचा वास येत होता.

"मला तर…" तो म्हणाला.

"तुम्हाला कसा येईल? तुम्ही त्यातच राहता." शिंपिणीने तोंड वाकडे केले नाही, आवाज चढवला नाही, आणि त्यामुळेच ते त्याला जास्त लागले. त्याने स्वतःच्या धान्यातून तिचा डबा भरून दिला.

बाकीचे लोक भिडस्त होते. निवृत्त मास्तर रोज फिरायला जाताना दारात थांबत. त्यांना त्याने विचारले, तेव्हा ते घाईघाईने म्हणाले, "छे छे, कसला वास? तुझ्या मनात बसलाय तो." मास्तरांच्या घरचे धान्य मात्र त्यानंतर आले नाही. सुतार म्हणाला, किंचित आहे, जाईल. गाडीवाला म्हणाला, मला सर्दी झाली आहे. सकाळी गिरणीवाला दारात उभा राही, आणि समोरून सायकलींच्या मागे बांधलेले डबे पलीकडच्या वस्तीतल्या गिरणीकडे जात. सायकलवाले मान खाली घालून पायडल मारत, जसे काही चढ आहे. तिथे चढ नव्हता.

कष्टाचा त्याला कंटाळा नव्हता. वास कुठे आहे ते कळते, तर त्याने भिंतसुद्धा पाडली असती. पण ज्याचा पत्ता लागत नाही त्याच्यावर टिकाव कुठे मारायचा? गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या गिरणीच्या वाटेला लागले, की सुगीनंतरही त्याच वाटेने जाणार. गिरणीशिवाय त्यांच्याकडे दुसरे काही नव्हते.

"कुणीतरी खरं सांगणारं पाहिजे," तो बायकोला म्हणाला.

ती भांडी घासत होती. हात थांबले. "आहे की एक."

दोघांनीही भिंतीकडे पाहिले.

धाकट्याच्या बायकोचे तोंड साऱ्या वस्तीला ठाऊक होते. वाटणीनंतरच्या पहिल्याच सुगीत तिने भर रांगेत, सगळ्यांसमोर म्हटले होते की आपल्या डब्यात पीठ कमी भरले आहे. थोडे पीठ उडते, थोडे दगडात राहते, हे तिला सांगता आले असते. गिरणीवाल्याने ते सांगितले नाही. तो म्हणाला, "विश्वास नसेल तर दुसरीकडे जा." ती गेली. आज पलीकडच्या वस्तीकडे जी वाट रुळली होती, तिच्यावर पहिले पाऊल तिचे होते.

"ती नुसती नाक मुरडेल," तो म्हणाला.

"मुरडू दे. पण मुरडेल तिथे वास असेल. उगाच मुरडणार नाही ती. आणि ती वास नाही म्हणाली, तर साऱ्यांना पटेल."

भिंतीला वळसा घालून धाकट्याच्या दारात जायला त्याला फार चालावे लागले नाही. तरी वाटेत तो दोनदा थांबला, चपलेतला खडा काढल्यासारखे केले. धाकटी ओसरीवर शेंगा फोडत होती. तिने पाहिले, डोक्यावर पदर घेतला, पण उठली नाही.

"हे घरात नाहीत, भावजी. मळ्यात गेलेत."

"त्याच्याकडे नाही आलो. तुझ्याकडे काम होतं."

"माझ्याकडे?" तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "भिंत झाल्यापासून पहिल्यांदा."

"गिरणीत येऊन जा जरा. वास आहे का नाही, तेवढं सांग."

"वस्तीत इतकी नाकं आहेत."

"ती सगळी भिडेची आहेत."

ती हसली नाही, पण ओठ दाबले. "म्हणजे माझ्यात भीड नाही."

"तसं नाही म्हणालो."

"म्हणालात. पण खरं आहे, म्हणून सोडून देते." तिने सुपातल्या शेंगा एकीकडे सारल्या. "मी जे असेल ते सांगणार. मग राग धरायचा नाही. तुमचा राग फार दिवस टिकतो."

"नाही धरणार."

"जा पुढे. येते मी."

ती दुपारी आली. उंबऱ्यावर चप्पल काढली आणि आत पाऊल टाकण्याआधी उभी राहिली, डोळे मिटून. मग खोलीभर फिरली. गुडघे टेकून जमिनीवर वाकली. ओट्याखाली डोके घातले. भिंतीला नाक लावले, तेव्हा नाकाच्या शेंड्याला चुना लागला. थोरली म्हणाली, "अगं, पुसून घे," आणि दोघी जावांना एकदम हसू आले. ते त्यांनी तितक्याच झटकन आवरले.

"जमीन चांगली केलीत," धाकटी म्हणाली. "जमिनीला वास नाही. भिंतीलाही नाही."

दगडातून पीठ ज्या कापडी पिशवीतून खाली पडे ती तिने हातात घेतली आणि तोंड फिरवले. "ही फेकून द्या. ही भरली आहे."

"पण ती धुतली होती," थोरली म्हणाली.

"कुणी धुतली?"

"ह्यांनी."

धाकटी पिशवीकडे, मग गिरणीवाल्याकडे पाहू लागली. तिचे बोलणे कधी अडत नसे, आता अडले. ती एक पाऊल पुढे आली, पुन्हा थांबली.

"भावजी, जरा इकडे या. उजेडात."

तो गेला. ती त्याच्या जवळ आली नाही, हातभर अंतर ठेवून उभी राहिली. तेवढे पुरले.

"वास तुम्हाला येतो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुमच्या अंगाला. हाताला, केसांना. बोलता तेव्हा श्वासाला. पूर्वीही यायचा थोडा, पण ते डिझेल तुमच्या अंगात गेलंय जसं काही. डब्यात हात तुम्ही घालता, पीठ चिमटीत तुम्ही घेता, पिशवी तुम्ही झटकता. पिठाला वेळ लागत नाही वास धरायला."

बाहेर एक सायकल गेली.

"अंघोळ करतो," अखेर तो म्हणाला.

तो विहिरीवर गेला. साबण चोळला, मग राख, मग पुन्हा साबण. नखांत काडी घातली. दगडाने तळहात घासले, इतके की ते लाल होऊन चुरचुरू लागले. बायकोने डोक्याचे केस अगदी बारीक कापून दिले. धुतलेले कपडे घातले, तोंडात लवंग धरली. ज्या कपड्यांत काम केले होते ते जाळून टाकायला तिने बाजूला काढले, तेव्हा तो म्हणाला, "त्यातला सदरा राहू दे, इंजिनाला फडकं होईल." दुसऱ्या दिवशी धाकटी पुन्हा आली आणि उंबऱ्यातूनच मान हलवली.

"कमी आहे. पण आहे. आणि आज इंजिनाला हात लावलात ना?"

"इंजिन सुरू करायचं तर लावावाच लागतो."

"मग रोज येणार."

ती निघून गेल्यावर तो ओट्यावर बसून राहिला. आपल्या हाताकडे पाहू लागला. तो हात त्याला परका वाटला नाही, हेच त्याला विचित्र वाटत होते.

"तुला येत होता का?" त्याने बायकोला विचारले.

ती नव्या पिशवीसाठी कापड बेतत होती. खाली पाहूनच म्हणाली, "लग्न झालं तेव्हा यायचा. पहिले कितीतरी दिवस मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे."

"बोलली नाहीस कधी."

"काय बोलायचं? मग सवय झाली. मग तर…" तिने दोरा दाताने तोडला. "तुम्ही बाजाराला जाऊन राहिलात, की घरात चुकल्यासारखं व्हायचं. आता मला विचाराल तर मला काहीच येत नाही. खरंच येत नाही."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "इंजिनाचं हँडल तुला मारता येणार नाही."

"नाही. एकदा मारून बघितलं होतं, मनगट मोडता मोडता राहिलं."

"मग इंजिन माझं. दगड तुझा."

तिने पटकन वर पाहिले. दगडाला तो कुणाला हात लावू देत नसे. दोन दगडांतले अंतर किती ठेवायचे, ते चाक किती फिरवायचे, हे त्याच्या बोटांत होते. बापाने शिकवले तेव्हा त्याला मिसरूडसुद्धा फुटले नव्हते.

"मला जमेल?"

"धुम्मस माझ्यापेक्षा सरळ मारतेस."

पडवीला त्याने स्वतः फळ्यांचे दार केले आणि पिंप तिकडे हलवले. भिंतीतले भोक पट्ट्यापुरते ठेवून बाकीचे विटांनी बुजवले, तेव्हा त्याला जाणवले की दगडाकडे पाहायची तीच एक वाट होती. त्याने दोन विटा हातात धरून थोडा वेळ घालवला, मग त्याही लावल्या. तिला शिकवले ते अंगणात, जमिनीवर रेघा ओढून. चाक इकडे फिरवले तर दगड जवळ येतात, तिकडे फिरवले तर लांब जातात. पीठ गरम लागले तर दगड फार जवळ आहेत. तिने धान्य घालून पहिले दळण काढले आणि तळहातावर पीठ घेऊन त्याला दाखवायला बाहेर आली. त्याचा हात सवयीने पुढे आला. तिने आपला हात मागे घेतला नाही, त्यानेच घेतला.

"नुसतं बघून सांगतो. जाडसर आहे. अजून थोडं जवळ घे."

"थोडं म्हणजे किती?"

"तुझ्या बोटाला कळेल."

धाकटीने वस्तीत काय सांगितले ते त्याच्या कानावर आले नाही. पण आठवडाभरात मास्तरांकडचा डबा आला, सुताराचा आला, मग शिंपीण स्वतः आली आणि दारातूनच म्हणाली, "काय गं, आता तू मालकीण झालीस का?"

"झाले," थोरली आतून म्हणाली. "रांगेत या."

पडवीत बसलेल्या गिरणीवाल्याला हे सगळे ऐकू येई, दिसत काही नसे. आवाजावरून तो माणूस ओळखी, डबा ओळखी. जमिनीवर डबा टेकल्याचा आवाज झाला, की त्यात गहू आहे की ज्वारी, अर्धा आहे की भरलेला, हे त्याला कळे. लोक सुरुवातीला विचारत, मालक कुठे? ती म्हणे, इंजिनावर. मग विचारणेही बंद झाले. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नव्हते. लोकांना पीठ हवे होते आणि ते त्यांना मिळत होते.

एका सकाळी वस्तीच्या टोकाची म्हातारी आली. तिचा डबा नेहमीच तिच्यापेक्षा जड असे, आणि इतकी वर्षे तो गिरणीवाल्यानेच उचलून दगडावरच्या पेटीत ओतला होता. डबा टेकल्याचा आवाज, मागोमाग तिचा दम लागलेला श्वास ऐकू आला, तसा तो उठला. फळ्यांचे दार उघडून पुढच्या दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याशी थांबला. आत बायकोने डबा दोन्ही हातांनी धरला होता. तिने तो मांडीवर टेकवला, एक श्वास घेतला, आणि कमरेचा झोक देऊन वर नेला. चेहरा आवळला गेला, हात थरथरले. तिने त्याला पाहिले. तो तसाच उभा राहिला. एक पाऊल पुढे टाकले असते तर कुणी काही म्हटले नसते.

डबा कलता झाला. धान्य पेटीत कोसळू लागले.

तो वळला आणि पडवीत गेला. भिंतीपलीकडे दगडाचा आवाज खोल झाला, जड झाला, आणि पट्टा किंचित मंदावला. कुणी हाक मारली नव्हती. त्याने हात पुढे करून इंजिनाला थोडी गती दिली, आणि आवाज पुन्हा एकसारखा होईपर्यंत तो हात तिथेच ठेवला.